उजेड हवा, पण रस्त्यावर

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की सांगली, कोल्हापूर, सातारा पट्ट्यात रात्री मोटारसायकलवरून जाणाऱ्याला सगळ्यात जास्त धास्ती असते ती पुढे चाललेल्या उसाच्या ट्रॉलीची. ट्रॅक्टरमागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि मागचा दिवा एक तर नसतोच किंवा पाचटाखाली गडप झालेला असतो. पोलीस आणि कारखाने रिफ्लेक्टर लावायची मोहीम काढतात, पेपरात फोटो येतात, पण शेतातल्या चिखलाने आणि धुळीने ते रिफ्लेक्टर काही दिवसांतच माखतात. मग ती ट्रॉली दिसायची ती मागून येणाऱ्याच्या स्वतःच्या हेडलाइटमध्ये, आणि तीही वेळेत दिसली तर.

वेळेत म्हणजे किती आधी? ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते काय आहे हे उमगणं आणि हातपाय ब्रेकवर जाणं, यात दीड सेकंद गेला असं धरलं तर ब्रेक लागायच्या आधीच 25 मीटर संपलेले असतात. कोरड्या, चांगल्या डांबरावर त्यापुढे थांबायला आणखी 22-25 मीटर लागतात. एकूण 50 मीटरच्या आसपास. वेग 80 झाला की हाच हिशेब 75 मीटरवर जातो. आता साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीच्या डिपरवर गडद कपड्यांतला माणूस किंवा विनादिव्याची ट्रॉली तीस-चाळीस मीटरच्या पलीकडे धड ओळखू येत नाही. उरलेलं अंतर स्वार नशिबावर काढत असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यात दुचाकीवरची 44.5 टक्के. दिवसाच्या वेळेप्रमाणे पाहिलं तर सगळ्यात जास्त अपघात संध्याकाळी 6 ते रात्री 9 या तीन तासांत नोंदले गेले. त्याला वाढलेली रहदारी आणि दिवसभराचा थकवाही कारण असणार, सगळा दोष अंधाराचा नव्हे. पण अंधार पडायला लागल्यावर दुचाकीवाल्याला जे कमी दिसतं ते त्याच्या हेडलाइटने भरून काढायचं असतं, आणि आपल्याकडच्या निम्म्याअधिक गाड्यांचा हेडलाइट त्या कामाला कमी पडतो, हे रात्री गाडी चालवणारा कुणीही सांगेल.

म्हणून माणूस उठतो आणि पुण्यात असेल तर नाना पेठेत, कोल्हापुरात असेल तर शिवाजी उद्यमनगरात जातो. काउंटरवर रंगीत खोक्यांची चळत असते. एकावर आठ हजार ल्युमेन लिहिलेलं, दुसऱ्यावर वीस हजार. दुकानदार बारा व्होल्टची तार लावून बल्ब पेटवून दाखवतो, डोळे दिपतात आणि सौदा होतो. तो बल्ब गाडीत बसला की मालक खूश, कारण भिंतीवर, झाडांच्या शेंड्यांवर, समोरच्या बसच्या काचेवर लख्ख उजेड पडतो. रस्त्यावर, गाडीपुढे पन्नास मीटरवर तो किती पडतो, हे मात्र कुणी पाहत नाही. हेडलाइट सुधारायच्या सगळ्या खटाटोपात विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच आहे.

त्याचं उत्तर बल्ब हातात घेऊन पाहिलं की कळतं. बुलेट, क्लासिक 350 आणि अशाच अनेक गाड्यांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला एच-4 जातीचा हॅलोजन बल्ब घ्या. 1971 पासून जगभर चाललेला हा बल्ब. त्याच्या काचेच्या नळीत दोन फिलामेंट आहेत, दोन्ही जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या. एक अप्परचं, एक डिपरचं. डिपरच्या फिलामेंटखाली चमच्याच्या आकाराची पत्र्याची एक छोटी वाटी आहे. डिपर लागला की या वाटीमुळे उजेड खाली जात नाही, फक्त वरच्या अंगाला जातो आणि रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर आपटून खाली रस्त्याकडे वळतो. अप्परचं फिलामेंट रिफ्लेक्टरच्या नेमक्या नाभीवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा उजेड सरळ लांब जातो. डिपरचं फिलामेंट त्या जागेच्या किंचित पुढे असतं. सगळा खेळ या मिलिमीटरांचा आहे. रिफ्लेक्टरची खोली, त्यातले बाक, काचेवरच्या उभ्या रेघा, हे सगळं त्या दोन तारांची जागा आणि आकार धरून आखलेलं असतं. तिथे दुसऱ्या आकाराचा उजेड ठेवला की सगळी आखणी फसते.

ताकदीचंही बघायला हवं. स्प्लेंडरसारख्या कम्यूटर गाड्यांत वर्षानुवर्षं चालत आलेला एचएस-1 बल्ब 35/35 वॉटचा असतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो 13.2 व्होल्टवर अप्परला 825 आणि डिपरला 525 ल्युमेन उजेड देतो. एच-4 हा 60/55 वॉटचा. तो अप्परला 1650 आणि डिपरला 1000 ल्युमेन देतो, म्हणजे साधारण दुप्पट. ऐकायला दुप्पट खूप वाटतं. पण उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जातो. जेवढा उजेड 30 मीटरवर पडतो तेवढाच 60 मीटरवर पाडायचा तर चौपट लागतो. नुसते ल्युमेन वाढवून लांबचं दिसत नाही. आहे तो उजेड नेमका तिकडे वळवावा लागतो.

आणि इथे पहिली गंमत अशी की बऱ्याच गाड्यांना त्यांचे हक्काचे ल्युमेनसुद्धा मिळत नाहीत.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर असेल तर पाच मिनिटांत हे उघडं पडतं. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की बॅटरीच्या टोकांवर 13.8 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. आता हेडलाइट चालू ठेवून मागचा रबर बाजूला करायचा आणि बल्बच्या होल्डरपाशी तेच मोजायचं. दहा वर्षं जुन्या गाडीत तिथे बारा, क्वचित त्याहून कमी भरतात. मधले व्होल्ट गेले कुठे? बॅटरीपासून निघालेला करंट आधी चावीच्या स्विचमधून जातो, तिथून हँडलवरच्या बटणात, तिथून अप्पर-डिपरच्या स्विचमध्ये, मग चार-पाच कपलर ओलांडत बल्बपाशी पोचतो. वायर बारीक असते, संपर्कांवर पावसाने हिरवट गंज चढलेला असतो, आणि अर्थिंगचा बोल्ट रंगावर आवळलेला असतो. प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्ट झिरपतात.

हॅलोजन बल्ब याबाबतीत फार नाजूक आहे. व्होल्ट कमी झाले की उजेड त्याच प्रमाणात कमी होत नाही, कितीतरी जास्त वेगाने घसरतो. ढोबळ नियम असा की उजेड व्होल्टेजच्या साडेतीनाच्या घाताने बदलतो. 13.8 ऐवजी 12.1 व्होल्ट मिळाले, तर उजेड एक तृतीयांशाहून जास्त गेला. तोही पिवळट, तांबूस होऊन. बल्बवर खापर फोडून माणूस नवा बल्ब घालतो, तोही तसाच पेटतो, मग महागडा घालतो. दोष बल्बात नव्हताच.

याचा इलाज जुना आणि स्वस्त आहे: रिले. काळ्या चौकोनी डबीएवढा हा विजेचा स्विच मोटारींच्या दुकानात सगळीकडे मिळतो. हँडलवरच्या बटणाने फक्त रिलेला इशारा द्यायचा. बल्बचा खरा करंट बॅटरीवरून फ्यूजमधून, जाड वायरने थेट बल्बकडे जायचा. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. 30 नंबरला बॅटरीकडून आलेली वायर, 87 ला बल्बकडे जाणारी, 86 ला जुन्या स्विचची वायर आणि 85 ला अर्थ. अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले लागतात. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा, म्हणजे वाटेत वायर कुठे घासून उघडी पडली तरी आग लागण्याआधी फ्यूज उडेल. तयार हार्नेस मिळतो, त्यात हे सगळं जोडलेलंच असतं आणि मूळ वायर कापावी लागत नाही. गाडीचा कपलर एका टोकाला, बल्ब दुसऱ्या टोकाला. जुन्या बुलेटवर हा हार्नेस बसवून त्याच जुन्या बल्बचा उजेड पाहिला की मालकाला बल्ब बदलल्यासारखं वाटतं. शिवाय हँडलच्या बटणातून पाच अँपिअर जायचे थांबतात, त्यामुळे ते बटण जळत नाही.

एक अट आहे. हा उपाय हेडलाइट बॅटरीवर चालत असेल तरच. आपल्याकडच्या जुन्या बऱ्याच कम्यूटर गाड्यांत आणि स्कूटरमध्ये हेडलाइटला बॅटरीचा संबंधच नसतो. तो मॅग्नेटच्या कॉइलवरून येणाऱ्या एसी करंटवर पेटतो. सिग्नलला गाडी थांबली की दिवा मंदावतो, रेस केली की उजळतो, हे लक्षण ओळखीचं आहे. सहा व्होल्टची राजदूत चालवलेल्या पिढीला तर घाटात दुसऱ्या गिअरवर मुद्दाम रेस ठेवायची सवयच लागली होती, इंजिनासाठी नाही, उजेडासाठी. अशा गाडीत रिले किंवा एलईडी लावायच्या आधी कॉइल आणि आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) बदलून पूर्ण गाडी डीसीवर आणावी लागते. ते काम माहितगाराचं. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू होताच आपोआप लागणारा हेडलाइट सक्तीचा झाला, त्यामुळे चावी फिरवून दिवा लागतो का हे पाहून एसी-डीसी ओळखायची जुनी युक्ती आता भरवशाची राहिलेली नाही. मल्टिमीटरच लावावा.

ज्यांना रिलेची कटकट नको असते ते दुसरा रस्ता धरतात: 60/55 च्या जागी 100/90 वॉटचा बल्ब. हा मोह जुना आहे आणि परिणामही जुनेच आहेत. 100 वॉट म्हणजे आठ अँपिअरहून जास्त करंट, तो मूळच्या बारीक वायरमधून आणि प्लास्टिकच्या होल्डरमधून. काही महिन्यांनी होल्डर मऊ पडून काळा होतो, मग पातळ होऊन बल्बच्या पायांना चिकटतो. प्लास्टिकचा असेल तर रिफ्लेक्टरही उष्णतेने मलूल होतो. सिरॅमिकचा होल्डर आणि रिले घालून हे काम निभावतं खरं, पण गाडीचं चार्जिंग तेवढा भार उचलू शकतं का हे कुणी विचारत नाही. रात्री चार तास चाललेली गाडी सकाळी सेल्फ मारत नाही तेव्हा बॅटरीवाल्याचा धंदा होतो.

मोठ्या कंपन्यांचे शंभर, दीडशे टक्के जास्त उजेड असं खोक्यावर छापलेले हॅलोजन बल्बही मिळतात. ते लबाड नाहीत, फक्त त्यांच्या टक्क्यांचा अर्थ वेगळा आहे. एकूण उजेड मानकाच्या मर्यादेतच ठेवून फिलामेंट जास्त घट्ट आणि नेमकं गुंडाळलेलं असतं, त्यामुळे रस्त्यावरच्या एका ठरावीक लांबच्या बिंदूवर उजेड वाढतो. ते टक्के त्या बिंदूचे. फरक डोळ्याला जाणवतो. बदल्यात फिलामेंट तापतं जास्त आणि बल्ब लवकर जातो. काच हाताने धरू नये ही सूचना मात्र सगळ्याच हॅलोजनला लागू आहे, बोटाचा तेलकट डाग तापून तिथेच काच तडकते.

आता एलईडी. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे, आणि त्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर थापला की डोळ्याला पांढरं दिसतं. कमी विजेत जास्त उजेड, वर्षानुवर्षं टिकणारा, धक्क्यांनी न तुटणारा. कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट घेऊन येणाऱ्या गाड्यांत हे गुण पुरेपूर उतरतात, कारण तिथे रिफ्लेक्टर किंवा भिंग त्या चिपसाठीच बनवलेलं असतं. रॉयल एनफिल्डनेही 2024 साली क्लासिक 350 ला एलईडी हेडलाइट दिला.

बाजारातला चाळीस वॉटचा एलईडी बल्ब जुन्या हॅलोजनच्या डूममध्ये, म्हणजे रिफ्लेक्टर आणि काचेच्या मूळ संचात, घालणं ही वेगळी गोष्ट आहे. फिलामेंट गोल असतं, चहूबाजूंनी उजेड फेकतं. एलईडी बल्बात एका पातळ पट्टीच्या दोन अंगांना चिपा चिकटवलेल्या असतात. पट्टी जाड असेल तर दोन्ही चिपा फिलामेंटच्या जागेपासून दूर सरकतात. त्यात बल्ब उलटसुलट बसला, चिपांची तोंडं डावी-उजवीकडे असण्याऐवजी वर-खाली झाली, तर डिपरची सीमारेषाच नाहीशी होते. उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त. चालवणाऱ्याला गाडीपुढचे दहा मीटर लख्ख दिसतात म्हणून त्याला वाटतं काम झालं. उलट त्या जवळच्या चकाकीने त्याची बाहुली आक्रसते आणि लांबचा काळोख अधिकच काळा होतो.

खोक्यावरच्या ल्युमेनचा हिशेब तर शाळकरी मुलाने करावा. अशा बल्बातले एलईडी एका वॉटला ढोबळ शंभर ल्युमेन देतात. वीस वॉटच्या बल्बातून दोन हजार निघाले तर पुष्कळ. वीस वॉटवर वीस हजार ल्युमेन लिहिणाऱ्याने भौतिकशास्त्राचेच नियम मोडीत काढलेले असतात. उष्णतेचंही उलटं आहे. हॅलोजनची उष्णता काचेतून पुढे जाते. एलईडीची मागे, चिपखाली साचते, म्हणून त्याच्या बुडाला पंखा किंवा धातूच्या पट्ट्या असतात. त्यामुळे मागचं रबरी झाकण नीट बसत नाही, कोकणातल्या पावसात डूममध्ये पाणी शिरतं, आणि हॅलोजनची ऊब नसल्यामुळे काचेवर धरलेलं दव दिवसेंदिवस सुकत नाही. चिप तापत गेली की उजेडही कमी होतो. घरासमोर पाच मिनिटं पाहिलेला बल्ब आणि तासभर चाललेला बल्ब यांत फरक पडतो.

जर्मनीत या बाबतीत काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे जुन्या हॅलोजन दिव्यात एलईडी बल्ब घालणं बेकायदा होतं. 2020 मध्ये ऑस्रामच्या एका एलईडी बल्बला प्रथम परवानगी मिळाली, पण सरसकट नाही. कोणत्या गाडीच्या कोणत्या दिव्यात तो चालेल याची यादी करून. एकच बल्ब एका रिफ्लेक्टरमध्ये शहाण्यासारखा वागतो आणि दुसऱ्यात डोळे फोडतो, हे मान्य करूनच ती यादी बनली. आपल्याकडे गिऱ्हाइकाने स्वतःच ही चाचणी घ्यायची असते, आणि तिची जागा आहे एक कोरी भिंत.

दिवसा चाकांत नीट हवा भरून घ्यावी. अंधार पडल्यावर सपाट जागेत गाडी भिंतीसमोर दहा मीटरवर सरळ उभी करावी, स्टँडवर नाही, आणि नेहमीच्या स्वाराने तिच्यावर बसावं. दुसऱ्याने जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कडा या रेघेच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. वर गेली तर समोरच्याला त्रास, फार खाली आली तर आपलंच नुकसान. डूमच्या बाजूचा किंवा खालचा स्क्रू फिरवला की ती वर-खाली होते. आणि कडाच दिसत नसेल, नुसता ढगासारखा उजेड भिंतभर पसरला असेल, तर तो बल्ब त्या डूमचा नाही. परत करावा.

मागे बायको-मुलं आणि सामान घेऊन गावी निघालेल्याने हे पुन्हा करावं. मागे भार पडला की मागचा शॉकॲब्सॉर्बर दबतो, गाडीचं नाक वर होतं आणि काल बरोबर असलेला डिपर आज ट्रकवाल्याच्या डोळ्यात जातो. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर समोरून येणारा प्रत्येक दुचाकीवाला अप्परवर चाललाय असं वाटतं, त्यातले किती खरंच अप्परवर असतात आणि किती नुसतेच मागे लादलेले, देव जाणे.

संपूर्ण डूम बदलणं हा पुढचा पर्याय. बुलेटसारख्या सात इंची गोल दिव्याला तो सोपा, कारण हा आकार जगभर प्रमाणित आहे. जुन्या रेघांच्या काचेऐवजी साध्या काचेचा आणि चांगल्या रिफ्लेक्टरचा डूम घालून त्यात एच-4 च ठेवला तरी उजेड स्वच्छ पसरतो. भिंग असलेला एलईडी डूम त्याहून चांगला, पण घेताना तो डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला आहे ना हे तपासावं. अनेक डूमचा डिपर एका बाजूला थोडा वर चढतो, कडेचा पादचारी आणि पाटी दिसावी म्हणून. भारतात तो डावीकडे चढायला हवा. युरोप-अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला डूम आपल्याकडे लावला तर तो उजवीकडे चढतो, थेट समोरच्याच्या डोळ्यात.

क्रॅशगार्डवर बसवायचे जादा एलईडी दिवे हल्ली फार लोकप्रिय आहेत. दोन जाती असतात. एकीचा झोत अरुंद आणि लांब, दुसरीचा पसरट आणि वरून कापलेला. घाटात धुक्यासाठी पसरटच हवा. पावसाळ्यात आंबोली, माळशेज, ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरले की अप्पर लावून बघा, समोर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसत नाही. थेंबांवर आपटून उजेड परत येतो. खालून, जमिनीलगत पसरलेला झोत थेंबांचा कमी भाग उजळवतो आणि कडेची पांढरी पट्टी दाखवतो. त्यासाठी पिवळाच दिवा हवा असा समज पक्का आहे. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचेच होते. पण धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात की ते पिवळा आणि पांढरा जवळपास सारखाच विखुरतात. पिवळ्याने डोळ्याला त्रास कमी होतो, विशेषतः निळसर पांढऱ्याच्या तुलनेत, एवढं खरं. पिवळा दिवा धुकं भेदत नाही.

या जादा दिव्यांना वेगळा रिले, वेगळा फ्यूज आणि अंगठ्याशी येणारं वेगळं बटण हवं. गावातून, समोर वाहन असताना ते बंदच हवेत. बटण टाकीखाली लपवलेलं असेल तर ते कुणीही बंद करत नाही, हे रस्त्यावर रोज दिसतं.

मोटारसायकलची एक अडचण कोणत्याही बल्बाने सुटत नाही. वळणावर गाडी कलते, दिवाही तिच्यासोबत कलतो आणि वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे नजर असते नेमका तिथेच, अंधार पडतो. बीएमडब्ल्यूने के 1600 मध्ये गाडीच्या कलण्याप्रमाणे झोत वळवणारा हेडलाइट आणला, केटीएमच्या मोठ्या गाड्यांत वळणावर बाजूचे दिवे आपोआप पेटतात. आंबेनळी घाटात शंभर सीसीवर निघालेल्याला यातलं काही परवडणारं नाही. त्याने वळणाआधी वेग उतरवावा, दुसरा इलाज नाही.

काही गोष्टी मात्र फुकटात होतात. हेल्मेटची काळी काच रात्री काढून ठेवणं ही पहिली. चरे पडलेली पारदर्शक काचही समोरच्या दिव्याचे शंभर तुकडे करून डोळ्यात टाकते. नवी काच महागड्या बल्बपेक्षा स्वस्त पडते. डूमची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्यावी किंवा बदलावी. आणि पन्नाशी-साठीच्या स्वाराने हे जाणून असावं की साठाव्या वर्षी डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेडच पोचतो. ती तूट कुठलाही बल्ब भरून काढत नाही. वेग कमी केला तर भरून निघते.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या गोष्टींत मनमानी बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ प्रमाणे बेकायदा बदलाबद्दल मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. रिलेने मूळ बल्बला पुरेसा करंट दिल्याने दिव्याची जात बदलत नाही. अनोळखी कंपनीचा एलईडी घालून समोरच्याला आंधळं केल्याबद्दल पावती फाटली तर मात्र तक्रारीला जागा राहत नाही.

खर्चाचा क्रम म्हणूनच असा धरावा: आधी भिंतीसमोरची तपासणी, मग काच आणि संपर्कांची सफाई, मग डीसी गाडी असेल तर रिलेचा हार्नेस, मग चांगल्या कंपनीचा त्याच वॉटचा हॅलोजन. एवढ्याने भागतं, आणि बहुतेकांचं भागतं. त्यापुढे जायचंच असेल तर बल्ब न बदलता पूर्ण डूम बदलावा. एलईडी बल्बची वेळ सगळ्यात शेवटी.

आणि काम झाल्यावर कारागिराला पैसे देण्याआधी एक करावं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम सांगतो की दिव्याच्या पुढे 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. मित्राला आठ मीटर पुढे, अंमळ वाकून उभं करा आणि डिपर लावा. त्याने डोळ्यांवर हात धरला तर डूम पुन्हा खाली घ्यायला सांगा.